गौतमच्या विमानावरची अंगठ्याची जागा

गौतमच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यापुढे शिडीवर उभा होतो. पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहायचं होतं आणि मी ‘शाका’पर्यंत पोचलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, गेले हे.” मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला, ‘हारी’ पूर्ण केलं आणि मगच खाली उतरलो. हे सांगायला लाज वाटते, पण झालं तसं झालं. अर्ध्यावर सोडलेलं अक्षर वाळलं की जोड दिसतो, ही सवय हाडात गेलेली आहे. खाली आल्यावर मात्र ब्रश न धुता तसाच डब्यात टाकला. ढाबेवाल्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझा वर्गमित्र. खरं तर एवढ्यानं काहीच सांगून झालं नव्हतं, पण बोलायचा कंटाळा आला होता. अजूनही येतो. पाच आठवडे झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आता कुठे चार ओळी लिहायला बसलो आहे.

गौतम मूळचा शिरूर कासारचा. आईवडील दर साल ऊसतोडीला जायचे, म्हणून त्याला तेलगावला मामाकडे ठेवलेलं. आमच्या शाळेत तो पाचवीत आला आणि माझ्या बाकावर बसला. माझी चित्रकला चांगली, त्याचं गणित चांगलं, त्यामुळे दोघांचंही भागायचं. पुढे मी ब्रश धरला आणि तो हवाई दलात इंजिन फिटर झाला. सुट्टीवर आला की आधी माझ्या दुकानात यायचा, रंगाचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, “तुझ्या रंगाला लई गोड वास हाय बे पेंटर. आमच्याकडं निस्तं रॉकेल.” नोकरीतून सुटल्यावर त्यानं एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली आणि शेवटी मांजरसुंब्याला, माझ्या दुकानामागच्या गल्लीत, तीन खोल्यांचं घर बांधलं. चौथी खोली पत्र्याची. ती विमानाची.

मिग विमान होतं ते, खऱ्याचा सहावा हिस्सा. लांबी आठ फूट. विकतचं काही आणायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आत प्लायवूडच्या फासळ्या, त्यावर तेलाच्या डब्यांचा पत्रा. सुरुवात मात्र त्यानं विमानापासून केलीच नाही, इंजिनापासून केली. अडीच फुटांचं इंजिन बनवायला त्याला चार वर्षं लागली. पत्र्याची नखाएवढी पाती कापून तो चाकावर ओळीनं बसवायचा. तांब्याच्या तारा वाकवून नळ्या करायचा. मागचं धुराडं त्यानं भंगारातल्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून काढलं आणि गॅसच्या ज्योतीवर तापवत बसला. लोखंड आधी गवती पिवळं पडतं, मग जांभळं, मग निळं, आणि त्याला नेमका निळ्याच्या अलीकडचा रंग पाहिजे होता. जरा जास्त तापलं की घासून पुन्हा. बोल्ट सुटू नयेत म्हणून खऱ्या इंजिनावर त्यांना बारीक तार पिळून बांधतात, तशी त्यानं याही इंजिनावर बांधली. मी विचारलं, हे दिसणार कुणाला? तो म्हणाला, “दिसायचं न्हाईच. खऱ्यातबी दिसत न्हाई.” या विमानाचं शेपूट मधोमध वेगळं व्हायचं, ते मागे ओढलं की इंजिन गाड्यावर बाहेर यायचं. खऱ्या मिगचं इंजिन असंच काढतात म्हणे. घरी कुणी आलं की तो शेपूट काढून दाखवायचा. विमानाचं तोंड दाखवायची त्याला काही हौस नव्हती.

विमान उभं राहिलं तेव्हा त्यानं मला बोलावलं. करडा रंग मारायचा, हवाई दलाची तिरंगी वर्तुळं आणि नंबर टाकायचे. तोवर आमचा धंदा बसलेलाच होता. फ्लेक्स आल्यापासून हातानं पाटी लिहून घेणारा एखादाच, तोही जुन्या ओळखीचा. त्यामुळे मला त्या कामात असा काही जीव आला की विचारू नका. तीन आठवडे लावले. एकेक आकडा इतका नेटका काढला की छापल्यासारखा वाटावा. गौतमनं पाठीवर थाप मारली. मग महिनाभर माझं जाणं झालं नाही आणि गेलो तेव्हा बघतो तर त्यानं माझे आकडे फडक्यानं पुसट केलेले. पंखावर चरे. पोटावर काळे ओघळ. वहिनींच्या डब्यातलं मीठ ओल्या रंगावर टाकून, वरून दुसरा हात मारून, वाळल्यावर ते खरडून काढलेलं, म्हणजे रंगाचे पोपडे निघाल्यासारखे दिसावेत. मला म्हणाला, उन्हातान्हात उभं असलेलं विमान असंच दिसतं, हे पोरांच्या खेळण्यातलं न्हाई. मी हसलो. मनातून मात्र भडकलो होतो. माझा सगळा जन्म जुन्यावर नवं चढवण्यात गेला आणि हा माझ्या नव्यावर चिखल फासत होता.

त्यानंतरही तो आठ महिने त्याच कामाला लागलेला होता. काळा-तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा, पत्र्याच्या सांध्यांत सोडायचा, मग वारा जसा मागे जातो तशा दिशेनं फडकं ओढायचं. धुळीसाठी आपली काळी माती त्याला चालेना. त्याचं शेवटचं ठाणं वाळवंटाकडचं, तिथली धूळ पिवळसर. मुरूम आणून तो वहिनींच्या जुन्या साडीतून चाळायचा. मधूनमधून दम लागायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि वहिनींनी मला.

मग त्याला बीडला दवाखान्यात ठेवावं लागलं. अकरा दिवस. वहिनी तिकडे, घराची किल्ली माझ्याकडे. तेलगावच्या आमच्या शाळेला तो ते विमान देणार होता, हेडसर दोनदा येऊनही गेले होते. पत्र्याच्या खोलीत उभं राहून मी ते मळकं धूड बघत राहिलो आणि मला वाटलं, हा आता कधी पुरं करणार? घरी येईल तेव्हा तयार दिसलं पाहिजे. असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं आणि पुढे सगळ्यांनाही सांगितलं. पण आज गौतम नाही तर खरं बोलून टाकतो. मला माझे आकडे परत पाहिजे होते. प्रेम होतंच, पण रागही होता, आणि ब्रश धरला तेव्हा त्यातलं जास्त काय होतं ते मला सांगता यायचं नाही. सात दिवसांत मी ते विमान नवंकोरं केलं. ऑइल पेंटचे दोन हात, लख्ख चमक, धारदार आकडे, आणि शेवटी पंखाखाली कोपऱ्यात माझं नाव. प्रत्येक पाटीवर टाकतो तसं. इंजिन तेवढं वाचलं, कारण ते गाड्यावर कापडाखाली होतं आणि त्याला काही करायची माझी छाती नव्हती.

गौतम आला तो नाकात नळी घेऊन. वहिनींनी त्याला खुर्ची दिली. बराच वेळ त्यानं विमान पाहिलं. वाकून पंखाखालचं नावही वाचलं. मग म्हणाला, “चांगलं झालं.” चहा पूर्ण प्यायला आणि आत जाऊन पडला. मी खुशीत घरी आलो, याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं…

तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. हे जेवत नाहीत, म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मी गेलो. कॉटवर बसलो. काय झालं म्हणून विचारलं तर आधी काही नाही म्हणाला, आणि मग दम घेत घेत, थांबत थांबत जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. “पायलटचं नाव काचेखाली लिहितेत. फोटोत बी तोच असतो. आमी कुठं असतो सांग. इंजिनाचं झाकण उघडायचं म्हनलं की अंगठा एकाच जागी टेकतो. माझा, रातपाळीवाल्याचा, माझ्या आधी होता त्याचा… तिथला रंग काळा पडतो, मग उडून जातो. पंखावर आमच्या बुटाचं घासलेलं असतं. तेवढंच राहतं आमचं. तू ते पुसलंस आन् खाली तुझं नाव टाकलंस.”

मी त्याच्या पायाला हात लावला, तो त्यानं झटकला नाही. मग म्हणाला, आता तूच करायचं. माझ्यानं उभं राहणं होत नाही, मी बसून सांगतो.

असे पुढचे चार महिने गेले. रोज दुपारी जेवण झालं की मी जायचो. तो खुर्चीत, बाजूला सिलेंडर, आणि मी वॉटर पेपरनं घासून माझीच चमक मारत बसलेला. सगळ्यात आधी माझं नाव घासलं. काम मला जमता जमेना. रेघ सरळ काढायला चाळीस वर्षं शिकलेला हात घाण करायला तयार होत नव्हता. ओघळ काढला की नक्षी वाटायची. गौतम वैतागायचा, मग हसायचा, हसला की खोकायचा. “एकसारख्या अंतरानं काढू नको बे. तेल काय मोजून गळतं का?” कधी नुसतंच बसून राहायचो दोघं. तोही दमलेला, मीही दमलेला. वहिनी दारातून डोकावून विचारायच्या की काम चाललंय का झोपलात. इतक्या वर्षांत आम्ही एकत्र एवढा वेळ कधी काढला नव्हता आणि त्यात बोलणं फार थोडं झालं. मला माफ केलंस का, हे मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण त्याला उत्तर द्यायलाही श्वास लागला असता.

हळूहळू जमलं. पोटावरचे ओघळ, पंखावरचं बुटाचं घासलेलं, मुरमाची धूळ, गाद्यांच्या फोमनं ठिपके देऊन उडालेला रंग. माझे आकडे मी स्वतःच्या हातानं पुसट केले. राहिली फक्त एक जागा. शेपटाजवळच्या झाकणाची, जिथे अंगठा टेकतो ती. ती तू नको करू, मी करीन, असं तो म्हणाला. उद्या, परवा, जरा बरं वाटलं की. एकदा वहिनींनी आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभंही केलं, पण हात तिथवर पोचायच्या आत तो बसला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्या ढाब्याच्या शिडीवर होतो.

कार्यक्रम झाल्यावर हेडसरांचा निरोप आला की शनिवारी टेम्पो पाठवतो. शुक्रवारी मी पत्र्याच्या खोलीत गेलो. ती जागा तशीच करडी, सपाट, माझ्या रंगाची. तिथे आपला अंगठा उमटवायचा मला धीर होईना. मग एकदम सुचलं की आधीच्या आठ महिन्यांत त्यानं ती जागा केलेली असणारच. म्हणजे माझ्या दोन हातांच्या खाली ती अजून असेल. वॉटर पेपर भिजवला आणि अगदी हलक्या हातानं घासायला लागलो. वरचा हात गेला. दुसरा जायला लागला. काहीतरी काळसर दिसलं, बोटाएवढं, की मला तसं वाटलं… डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसत नव्हतं, आणि हात थांबला नाही. पुसून बघतो तर खाली पांढरा पत्रा. डब्याचा.

मी तिथेच खाली बसलो. वहिनी आल्या तेव्हा त्यांना म्हणालो, वहिनी, परत तेच केलं मी. दुसऱ्यांदा पुसलं त्याला. करडा रंग डब्यात थोडा शिल्लक होता, तो ढवळायला घेतला. वहिनींनी वाकून ती जागा पाहिली. अंगठा ठेवून पाहिला. मग माझ्या हातातली काडी काढून घेतली.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “ते काय म्हनत होते, एकट्याचा हात असतो का तिथं? त्यांचा खाली होता. वरून तुमचा लागला. मग उडाला रंग.”

शनिवारी टेम्पो आला. चौघांनी उचललं, मागून मी धरलं. हेडसर चांगला माणूस, बारकाईनं बघणारा. म्हणाले, पेंटर, सगळं झकास आहे, पण इथे शेपटाजवळ पत्रा उघडा पडलाय, निघायच्या आधी तेवढा हात मारून देता का?

मी नाही म्हणालो.