नानाजींची लूट

जाम गावच्या चौकात ट्रक वळतात, तिथून थोडं आत गेलं की नानाजींची भाजीची वाडी लागते. मी त्यांची शेजारीण. नानाजींबद्दल गावाचं एकच मत आहे, की माणूस सरळ आहे. इतका सरळ, की त्यांच्याशी गप्पा मारायचा कंटाळा येतो. वजनात कधी मारलं नाही, खोटं कधी बोलले नाहीत, आवाज कधी चढवला नाही. अशा माणसाला म्हातारपणी नाटकात काम करावं लागलं.

कारण त्यांचा नातू, हर्षित. वय अडीच वर्षं. त्याचे आईबाप, वर्षाली आणि चंदन, दोघंही पुलगावला नोकरीला. तिथली सांभाळणारी बाई सोडून गेली, म्हणून दिवाळीनंतर पोरगा आजीआजोबांकडे आला. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि चिप्स-कुरकुऱ्यांच्या पाकिटांच्या दोन. पाकिटं संपली तसं त्याने तोंड बंद केलं. मुगाचं धिरडं, उकडलेलं रताळं, दाण्याच्या कुटाचा गूळ घातलेला लाडू, सगळं ताटात यायचं आणि ताटातच राहायचं. पोरगा हडकला. आजीला, म्हणजे आनंदाबाईंना, हे फार लागलं. एकदा डोळे पुसताना दिसल्या तर म्हणाल्या, धूर गेला. त्यांच्याकडे गॅस आहे.

वर्षालीचाही जीव तुटत होता. फोनवर म्हणाली, "आई, देऊन द्या एखादं पाकीट. उपाशी नका ठेवू त्याले. संक्रांतीपर्यंत खाल्लं नाई, तं मी घेऊन जातो."

संक्रांत आली. आमच्याकडे त्या दिवसांत लहान पोरांची लूट करतात. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पोराला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे ओतायचे, आणि गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचं. सणाला आलेल्या वर्षालीने त्यात चॉकलेटंही मिसळली होती. ती मोठ्या पोरांनी आधीच उचलली. हर्षित आधी रडला. मग आपला माल लोक नेताहेत हे त्याच्या लक्षात आलं, तसा पाटावरून उतरला आणि मुठी भरभरून मुरमुरे तोंडात कोंबायला लागला. ते संपल्यावर शेजारी बसलेल्या नानाजींच्या मांडीवरची वाटी उचलून पळाला. वाटीत रताळं होतं. "अरे!" नानाजी दचकून ओरडले. त्यावर पोराने दुप्पट वेगाने खाल्लं.

बाकीचे फोटो काढत होते. आनंदाबाई वाटीकडे बघत होत्या. त्यांनी सुनेकडून होळीपर्यंतची मुदत मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कामाला लावलं.

"देल्लं तं खात नाई. लुटलं तं खाते. तुमी वाटी घेऊन बसा अन् तोंड फिरवा. त्यानं उचललं का बोंबला."

"मले बोंबलता येत नाई," नानाजी म्हणाले.

"मंग शिका."

पहिल्या दिवशी पोरगा जवळ आला, तर नानाजी सवयीने म्हणाले, "घे बेटा, खा." पोराने वाटी खाली ठेवली आणि निघून गेला. आनंदाबाईंनी त्यांना असं झापलं, की मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. "द्याले कोणं सांगतलं होतं?"

पण माणूस कष्टाळू. हळूहळू आवाज सुटला. "चोर! चोर! माहं धिरडं नेलं!" महाशिवरात्रीपर्यंत तो हायवेवर पोचायला लागला. एकदा खरंच एक ट्रकवाला लोखंडी पाना घेऊन धावत आला. त्याला चहा आणि अर्धं धिरडं दिलं. उरलेलं अर्धं चोराच्या तोंडात होतं.

माझाही लाडू एकदा गेला. मी हसले, तर त्याने तो परत आणून दिला. लुटीत हसायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पोराचे गाल भरले. होळी झाली आणि वर्षाली न्यायला आली. पुलगावला नवी बाई मिळाली होती. आनंदाबाईंनी मुरमुरे, लाडू, धिरड्याचं पीठ बांधून दिलं आणि लुटीची पद्धत समजावली.

"आई, आम्ही क्वार्टरमध्ये राह्यतो," वर्षाली म्हणाली. "लोक काय म्हणतीन?"

आनंदाबाईंनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. गाडी गेल्यावर मात्र मला म्हणाल्या, "तिथं पुन्हा पाकीटच खाईन तो."

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. मी तिथेच होते. वर्षालीच्या आधी चंदनचा आवाज ऐकू आला, "पकडा! चोर!" मग वर्षाली म्हणाली, "आई, सारं धिरडं खाल्लं त्यानं. शेजारचे विचारून राह्यले, पोलिसाले बोलवू का म्हणून."

आनंदाबाई हसल्या, आणि मग रडल्या. या वेळी धुराचं नाव घेतलं नाही.

अंगणात नानाजी बसले होते. आनंदाबाईंनी त्यांना रताळ्याची वाटी नेऊन दिली. त्यांनी ती गुडघ्याशी ठेवली आणि सवयीने तोंड फिरवलं. बराच वेळ तसेच बसून राहिले. वाटी भरलेलीच होती.

आनंदाबाई आत गेल्या नव्हत्या. मागून वाकून त्यांनी एक फोड उचलली.

"चोर," नानाजी मान न वळवता म्हणाले. आवाज माझ्यापर्यंत जेमतेम आला.