खुनी थोरली सून आणि आमची धाकटी जाऊ

आमच्या आळीत रहस्यकथा सांगायचा मान माझा होता. चारचौघांत मला बोलायला जमत नाही. पण पापड लाटताना सगळ्यांच्या माना खाली असतात, तोंडाकडं कोणी बघत नाही, म्हणून तिथं जमायचं. उन्हाळ्यात आम्ही मलकापुरात एकमेकींच्या पापडाला जातो, आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. तेव्हा मी वाचलेली कादंबरी सांगायची. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळं ओळीखाली बोट धरून वाचते. एका पुस्तकाला महिना लागतो, पण संपलं की सगळं डोक्यात बसलेलं असतं.

गेल्या वर्षी धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि सांगलीची जाऊ आली. ती कादंबऱ्या मोबाईलवर ऐकते. एक स्वयंपाकात संपते, दुसरी धुणं वाळत घालताना सुरू होते. शिवाय तिचे पापडही गोल होतात.

यंदा पहिल्याच दिवशी मी गोष्ट सुरू करायच्या आत ती बोलायला लागली. म्हणाली, "हल्लीच्या कादंबऱ्यांत खुनाच्या दिवशीच कॅमेरा कसा बंद पडतो? आणि इन्स्पेक्टरची बायको कायम सोडून गेलेली." बायका लाटायच्या थांबून हसत होत्या. हे दोन्ही मला कधीच वाटून गेलं होतं. पण मी ते मनातच ठेवलं होतं आणि ती बोलून मोकळी झाली.

मग तिनं नव्या कादंबरीची गोष्ट सांगितली. मी ती नुकतीच वाचली होती, पापडाला सांगायची म्हणून मनात घोळवत होते. त्यात थोरली सून धाकटीला खिरीतून विष घालते आणि शेवटी इन्स्पेक्टरसमोर रडत सगळं कबूल करते. जाऊ म्हणाली, "शेवट झकास आहे. कारण मात्र पटत नाही. इस्टेट नाही, काही नाही. नुसत्या जळण्यापायी कोण खून करतं?"

मला कारण पूर्ण पटलं होतं. शेवटच खोटा वाटला होता. लाटणं जोरात फिरलं आणि पापड फाटला.

रात्रीच्या भाकरी थापताना मी तिला एवढंच म्हणाले, "शेवट चुकलाय." तिनं "का?" विचारलं, तर मला नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडं पापड होते. जाऊनं सगळ्यांना सांगितलं, "आमच्या अक्कांचं मत वेगळं आहे हं. शेवट चुकलाय म्हणतात. त्यांच्या मते थोरली निर्दोष आहे." माझं मत, तेही तिच्या तोंडून, तेही उलटं. बायका कौतुकानं माझ्याकडं बघायला लागल्या.

"निर्दोष नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "खून तिनंच केलाय. पण ती कबूल करणार नाही. तेराव्याला सगळ्यांत जास्त तीच राबेल. धाकटीच्या गुणांचं कौतुक करेल. लोक म्हणतील, काय माया होती. मनात जळणारी बाई रडून मोकळी होत नाही."

सगळी लाटणी थांबली. मग शेजारीण म्हणाली, "आवं वैनी, तुमच्या हातची खीर खायची म्हंजी आता लय इचार करावा लागंल."

सगळ्या हसल्या. जाऊ हसली नाही. तिनं हातातली लाटी खाली ठेवली. "अक्का, थांबू नका. मग पोलिसांना कळणार कसं?"

मी सांगत राहिले. इन्स्पेक्टर काढून टाकला, कॅमेरा काढून टाकला, नवा शेवट लाटता लाटताच रचला. ती माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होती, एकदाही मधे बोलली नाही. तिच्यामुळं बाकीच्याही गप्प होत्या. इतकं छान गप्प बसताही तिलाच येतं, हे बघून माझं मन आणखी कडू झालं.