आई ‘पडले’ म्हणायची

मी घर सोडलं त्या सकाळी आईनं माझा शर्ट उलटा करून मला घातला. सुलट बाजूला आबांचं रक्त होतं. तासगावच्या स्टँडवर मिरजेची एसटी लागली होती आणि आई खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "कुणी काय बी विचारू दे, मान वर करू नगंस." तिचा स्वतःचा वरचा ओठ फाटलेला होता. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं मला कळलंच नाही.

आबा म्हणजे माझे वडील. आमची बेदाण्याची शेड होती. शेडवर आबांचा हात चालायचा. मणी निवडणाऱ्या बायकांवर नाही. त्या दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. तो आईवर चालायचा, आणि आईनंतर माझ्यावर. आदल्या दिवशी दुपारी एकदम आभाळ भरून आलं. एका बाजूची ताडपत्री बांधायची राहिली आणि वाळत घातलेल्या द्राक्षांचे दोन रॅक भिजले. आबांनी हातातला प्लॅस्टिकचा क्रेट आईच्या तोंडावर मारला. मी नववीत होतो. रॅकचा सुटा पाइप पडला होता, तो उचलला आणि दोनदा मारला. पहिला त्यांच्या नाकावर बसला, दुसरा उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज सुकं लाकूड मोडल्यासारखा येतो. खोटं कशाला लिहू, तो आवाज मला त्या क्षणी बरा वाटला. आजही मला भीती वाटते ती त्या बरं वाटण्याचीच.

पोलिसात कुणी गेलं नाही. दवाखान्यात आबांनी सांगितलं, शिडीवरनं पडलो. आमच्या घरात कुणी कुणाला मारायचं नाही, सगळे पडायचे.

आईचा भाऊ, माझा मामा, चिकमगळूरला गलाईच्या दुकानात होता. तासगाव, खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं सोनं-चांदी गाळायला कुठं कुठं पसरलीत ते तुम्हाला सांगायला नको. गाववाल्यांनो, तुमच्यातले निम्मे हे वाचताना अशाच कुठल्यातरी परक्या गावच्या बाजारपेठेत बसले असाल. मामा जवळच्या कडूर स्टेशनला घ्यायला आला. माझा उलटा शर्ट बघून एवढंच म्हणाला, "आंघोळ कर आधी. मग जेवू." काय झालं ते त्यानं मरेपर्यंत विचारलं नाही. त्या न विचारण्याचं माझ्यावर केवढं ओझं आहे, ते मला कुठं उतरवता येत नाही.

दोन वर्षं ॲसिडचा धूर खाल्ला. मग मामानं एकदा एका कॉफीच्या मळ्यावर निरोप घेऊन पाठवलं. तिथं अंगणात जाळीच्या लांब मांडवांवर कॉफीची लाल फळं वाळत होती आणि बायका ती हातानं खालवर करत होत्या. हुबेहूब आमची शेड. आता कोण कुणाच्या अंगावर धावतं म्हणून मी कोपऱ्यात उभा राहून बघत बसलो. तासभर कुणीच धावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिथंच कामाला लागलो.

आज मी कॉफीचा छोटा खरेदीदार आहे. दोन-तीन एकरवाल्यांची निवडक पिकलेली फळं घ्यायची, आपल्या देखरेखीखाली वाळवायची, आणि पुण्या-बंगळुरूच्या लहान रोस्टरांना, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांना, पाठवायची. प्रत्येक लॉटची चव आधी मी बघतो. चमच्यानं कॉफी उचलून जोरात भुरका मारायचा, म्हणजे ती जिभेवर सगळीकडं फवारल्यासारखी पसरते. जेवताना असा आवाज केला की आबा पाठीत गुद्दा घालायचे. आता त्याच आवाजावर माझं पोट आहे. कन्नड मी बाजारात शिकलो, इंग्रजी पोत्यांवरच्या लेबलांवरनं. नववी नापाससुद्धा नाही मी, नववी अर्धवट.

आईचा फोन दर रविवारी यायचा. आबा बाजारला गेले की करायची. "मोरीत पडले." "परड्यात पडले, दगुड होता." "रॅकवरनं पडले गं बया, म्हातारी झाले." आबांचा उजवा हात वाकडाच जुळला होता, पण डावा शाबूत होता. मी दर वेळी म्हणायचो, इकडं ये. ती म्हणायची, "मी आले तर ह्यांच्या भाकरीचं काय?" रविवार सोडून कुठल्याही वारी तिचा नंबर दिसला की मी आधी खाली बसायचो, मग फोन उचलायचो. सतरा वर्षं हे चाललं. ती तिथं मरेल आणि मला 'पडली' म्हणून कळवतील, एवढीच एक भीती मी उशाला घेऊन जगत होतो.

मग माझ्या हातून एक चूक झाली. गौरम्मा नावाच्या बाईंची दीड एकराची कॉफी मी घेतली होती, पैसे विक्रीनंतर द्यायच्या बोलीवर. फळं मांडवावर पसरली आणि रोज आभाळ भरून यायला लागलं. भिजलेले ते दोन रॅक माझ्या डोळ्यांपुढं आले आणि माझं डोकं चालेना. आपल्याकडं द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, साल उघडते. मी तासगावहून मागवून तेच केलं. फळं झटक्यात वाळली, वर सुंदर चकाकी आली. कॉफीला सावकाश वाळू द्यायचं असतं हे मला पाठ होतं, तरी हात गावाकडचाच चालला. पुण्याचा रोस्टर म्हणाला, "दादा, साबण प्यायल्यासारखं वाटतंय." सगळा लॉट गेला. गौरम्मांचं वर्षाचं पीक.

ते सांगायला मी त्यांच्या अंगणात गेलो, तर त्यांचा थोरला मुलगा महेश फळं ओढायचं लाकडी दाताळं घेऊन अंगावर आला. पहिला तडाखा कानावर बसला, दुसरा बरगडीवर. मी खाली पडलो तेव्हा हाताला कोयता लागला, फांद्या तोडायचा. मी तो उचलला. महेश मागं सरला आणि त्याचा चेहरा मला दिसला. पाइप उचलल्यावर आबांचा झाला होता तसा. मला ते बघून पुन्हा बरं वाटायला लागलं. तेवढ्यात गौरम्मांनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "बिडू," म्हणाल्या, म्हणजे सोड. दोनदा म्हणाल्या, तेव्हा बोटं सुटली. मग त्यांनीच माझा कान धुतला, आणि धुता धुता मुलाला अशा शिव्या दिल्या की महेश पाण्याची घागर भरून घेऊन आला.

त्या रविवारी आईनं विचारलं, "आवाज का असा येतोय रं?"

"मळ्यात पडलो. दगडावर."

ती मग म्हणाली, "कुणी मारलं?"

"पडलो म्हणतोय न्हवं."

"खरं पडलेलं माणूस आधी दुखतंय म्हणतं. कशावर पडलो ते आधी सांगत न्हाई."

"मग सतरा वर्षं तू तरी आधी काय सांगतीस?"

"माझंच शिकलास व्हय रं," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. बुधवारी ती कडूर स्टेशनवर उतरली, एका पिशवीसकट. डाव्या कानाच्या मागं काळंनिळं होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मारलं. लय दुखतंय."

वर्षभरानं आबा आले. मी गौरम्मांच्या अंगणात होतो. चुकीनंतरही त्यांनी पुढच्या हंगामाची फळं मलाच दिली होती, आणि आई बायकांबरोबर ती निवडत होती. आबा सरळ मांडवापाशी गेले. "घर सोडून पोराच्या भाड्याच्या घरात ऱ्हायलीस व्हय गं?" म्हणाले आणि डावा हात उगारला. माझ्या हातात दाताळं होतं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "टाक ते. एकदा त्यापायीच तुला घालवून बसले." मी ते टाकलं. ते टाकायला जेवढं बळ लागलं तेवढं पाइप उचलायला लागलं नव्हतं. आबांचा हात वरच होता. अंगणातल्या सगळ्या बायका काम थांबवून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. आमच्या शेडवर अशा वेळी सगळ्यांच्या माना बेदाण्यात जायच्या. इथं एकीनंही मान खाली घातली नाही. आबांनी हात खाली घेतला, धोतराला पुसला आणि फाटकाकडं निघाले.

"भाकरी कोण करतंय?" आईनं मागनं विचारलं.

"मीच," ते म्हणाले. वळले नाहीत.

आई राहिली. पण दुपारी जेवून आडवी व्हायला गेली की आतून कडी लावायची. घरात आम्ही दोघंच. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की ती कडी माझ्यासाठी आहे. ज्या पोरानं बापाचा हात मोडला, त्याच्या घरात ती राहत होती. मी एकदा विचारलं, "माझं भ्या वाटतं तुला?" तिनं ताट पुढं सरकवलं. मला राग आला नाही. मलाही माझं भ्या वाटतंच की.

तुम्ही विचारता, गावाकडं कधी येणार, घर आठवतं का. आठवतं. पण घर म्हणजे काय ते मला गेल्या आठवड्यात कळलं. भर दुपारी नमुन्याच्या पिशव्या घेऊन मी आत आलो, तर आईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ती उताणी झोपली होती, दोन्ही हात बाजूला टाकून, तोंड उघडं. मी चपला हातात घेतल्या आणि आल्या पावली अंगणात जाऊन बसलो.