मायच्या पत्रावळी अन् मोठीमायची कबरी

"तुह्या हातची पत्रावळ माह्या रुखमाच्या मांडवात नाई लागणार, धुरपता! आयकून ठेव!"

"नोको लावू ना बाई! वऱ्हाड्यायच्या ओंजळीत वाढजो वरण. हात धुवाचं पाणी तरी वाचन!"

हे भांडण मी कुंपणाच्या आडून ऐकलं. साल त्रेपन्न असेल, नाहीतर चोपन्न. चिमूरकडचं आमचं गाव. धुरपता म्हणजे माझी माय, आणि ओरडत होती ती गुणाबाई, मायची थोरली जाऊ, आमची मोठीमाय. झालं एवढंच की मोठीमायची कबरी गाय सुटली आणि आमचे धानाचे परे, म्हणजे रोवायला आलेली कोवळी रोपं, बुडापासून खाऊन गेली. माय म्हणाली, गाय बांधत जा. मोठीमाय म्हणाली, कुंपण नीट घालत जा. तिथून दोघी एकमेकींच्या माहेरावर गेल्या आणि माहेरावरून मांडवात. कबरी मधे उभी राहून रवंथ करत होती. तिचं पोट भरलेलं, तिला काय!

पण मायला लागलं ते पत्रावळीचं. मायला कामाची कमी नव्हती. रोवण्याला सगळ्यांच्या पुढे तिची रांग, मोह वेचायला उजाडायच्या आधी ती रानात, आणि आम्ही इतकी लेकरं की आंघोळ घालता घालता एखादं दोनदा धुतलं जायचं. तरी गावात कुणाचंही कार्य असो, पळसाच्या पत्रावळी तिच्याच हातच्या. कार्यघरच्या बाईनं हळदीकुंकू घेऊन दारात यायचं, मायला लावायचं, मगच माय काडी हातात घ्यायची. न बोलावता तिनं कधी एक पान टोचलं नाही. आता घरच्याच लेकीचं, मोठीमायच्या रुखमाचं लग्न, आणि हळदीकुंकू येणार नव्हतं.

वैशाख आला. शेजारी मांडव पडला. माय रोज अंगण झाडायची आणि झाडता झाडता रस्त्याकडे बघायची. बाबा एकदा म्हणाले, "जाऊन ये ना तूच." माय म्हणाली, "काऊन? परे मी खाल्ले काय?"

मोठीमायनं तिच्या बहिणींना बसवून पत्रावळी लावून घेतल्या. त्या बाया तलावाकडच्या गावच्या, कमळाच्या पानावर जेवणाऱ्या. पळसाचं त्यांना काय ठाऊक! ताज्या पत्रावळी त्यांनी वाळू दे म्हणून उन्हात पसरल्या. माय तर सावलीत, जात्याच्या पाळीखाली दाबून ठेवायची. दुपारपर्यंत मोठीमायच्या अंगणात सगळ्या पापडासारख्या वळल्या. वरात दुसऱ्या दिवशी यायची होती.

दिवस कलला तशी आमच्या अंगणात कबरी आली. दोर मोकळा, आणि कपाळावर हे एवढं हळदीकुंकू! कुंपणापलीकडे मोठीमायचा पदर दिसत होता.

माय हातातला खराटा टाकून खाली बसली आणि पोट धरून हसली. मग कबरीच्या कपाळावरचं कुंकू बोटानं घेऊन तिनं आपल्याला लावलं. "आलं वं बाई बोलावणं," ती म्हणाली, "शिंगं घेऊन आलं!"

रुखमाचं वऱ्हाड मायनं रातभर बसून लावलेल्या पत्रावळीवर जेवलं. वरण कुठी सांडलं नाही.

पण दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही ते नाहीच. जे सांगायचं ते कबरीला. पुढं सगळी वर्षं असंच चाललं. व्याही हसायचे, आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे.

एकोणसाठ साली रुखमाच्या पोराचं बारसं होतं. त्या दिवशी सकाळी माय उठलीच नाही. झोपेतच गेली. छाती दुखते असं चार दिवसांपासून म्हणत होती, आणि तरी पानं आणायला रानात गेली होतीच.

आदल्या दुपारी पत्रावळींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन ती मोठीमायकडे गेली. मी मागं होते. गठ्ठा तिनं गोठ्याच्या सावलीत ठेवला, वर दगड ठेवला. म्हाताऱ्या कबरीची मान खाजवत म्हणाली, "कबरे, तुह्या मालकिनीले सांग, उन्हात ठेवजो नोको म्हणा."

मोठीमाय दारातून म्हणाली, "कबरे, सांग तिले, चहा मांडला हाय. दम लागला दिसते, बस म्हणा."

"साखर हात आखडून टाकते ते, सांग."

"मागच्या खेपेले दोन कप पेली, इचार तिले."

माय खुंट्याजवळ बसली. मोठीमायनं कप आणून कबरीसमोर ठेवला. मायनं तो उचलला, फुंकून फुंकून सगळा प्याली, कप पालथा घातला आणि पदर झटकून घराकडे निघाली.