केळ्याच्या पावावरचं झाकण

आमचे आत्माकाका स्वस्थ बसलेले आमच्या वाडीत कुणी पाहिले नव्हते. जेवायलासुद्धा ते एक गुडघा उभा ठेवून बसायचे, म्हणजे शेवटचा घास तोंडात असतानाच उठता यावं. चौतीस वर्षं मुंबईत भायखळ्याच्या एका बेकरीत भट्टीसमोर उभे राहिले. गेल्या जुलैत लाकडाच्या भट्ट्या बंद करायचा हुकूम आला, शेठने भट्टी विझवली आणि काका दोन पिशव्या नि नानकटाईचा एक डबा घेऊन कायमचे घरी आले.

मी त्यांची पुतणी, दिशा. आरे-वारेच्या रस्त्यावरून आत वळून चढण चढली की एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, जांभ्याची दोन घरं लागतात. एक आमचं, दुसरं काकांचं. मी शाळेत गणित शिकवते आणि माहेरीच राहते. का राहते ते विचारू नये, वाडीतल्या सगळ्यांनी विचारून झालेलं आहे.

तर आल्या आल्या काकांनी कामं काढली. विहिरीचा रहाट चांगला होता, तो सोडवून परत बसवला. कोयत्याला इतक्या वेळा धार लावली की पातं अर्धं झालं. कुंपणाच्या गडग्याचे दगड उतरवून पुन्हा रचले. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं, पण एक दिवस तुळसाकाकी शेतावर गेलेली पाहून ते स्वयंपाकघरात घुसले. फळीवरचे सगळे डबे धुतले, पुसले आणि बेकरीतल्यासारखे उंचीप्रमाणे लावून ठेवले. संध्याकाळी काकीला हळद सापडेना. तिने एकेक डबा उघडला, पुन्हा लावला आणि एक अक्षर बोलली नाही. काकी बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

काकीचा तरी काय दोष? लग्न झाल्यापासून ते घर तिने एकटीने चालवलेलं, मुलगीही एकटीनेच वाढवलेली. नवरा गणपतीला आठ दिवस आणि शिमग्याला चार. त्या दिवसांत त्याला ताजं म्हावरं, मऊ भात, आणि निघताना पिशवीत तांदळाचं पीठ नि कोकमं. पाहुण्याची सरबराई कशी करायची हे तिला पाठ होतं. पण हा पाहुणा जुलैत आला, ऑगस्ट संपत आला तरी जाईना, आणि वर डबे हलवायला लागला.

गौरी-गणपती मंगळवारी गेले. बुधवारी दुपारी शेठचा फोन आला. बेकरीत विजेची भट्टी बसवली होती, पण तिच्यातला पाव गिऱ्हाइकांना पसंत पडेना. आत्माराम, तू येऊन नुसता उभा राहा, पोरांना सांग, असं शेठचं म्हणणं. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. फोन संपल्यावर ते खळ्यात आले आणि आमच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रविवारच्या गाडीने निघतो मी."

काकी केर काढत होती. ती केर काढत राहिली.

मला तेव्हा दोघांचाही संताप आला. हा माणूस ओरडून सांगतो, ती बाई ऐकून न ऐकल्यासारखं करते, आणि रविवार चार दिवसांवर. एकदा गेला की हा माणूस आता परत यायचा नाही, आला तरी आठ दिवसांचा पाहुणा म्हणून येईल, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

गणपतीवर टांगलेली फळाफुलांची मंडपी त्याच दिवशी उतरवली होती. तिच्यातली फळं प्रसाद म्हणून वाटली जातात, पण केळी नेहमीच जास्त होतात. सात दिवस टांगून ती काळी पडली होती, सालीतून रस सुटायला लागला होता. टाकायची तर नाहीत. काकांनी त्यातली फणी हातात घेतली, एक केळं दाबून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

"याचा पाव करतो," ते म्हणाले. "आमच्याकडे थंडीत करायचो. यीस्ट नाय, मळणं नाय. केळी कुस्करा, मैदा घाला नि टाका भट्टीत. जाण्याआधी तुम्हाला एकदा गरम खायला घालतो. चौतीस वर्षं नुसता शिळा माल आणला मी या घरात."

त्यातलं शेवटचं वाक्य काकीला लागलं असावं, कारण ती पदराने उगीचच कपाळ पुसायला लागली.

गुरुवारी मी शाळेतून आले तर काका दारात कागद घेऊन उभे. त्यांना येत होतं ते चाळीस किलो मैद्याचं माप. अर्ध्या किलोचं काढून दे म्हणाले.

"सोडा किती घालता?"

"पाऊण किलो."

मी भागाकार केला. "नऊ ग्रॅम."

"नऊ ग्रॅम म्हणजे किती मुठी?"

"मूठ नाही हो काका, चमचे. दोन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या कारागिरीचा अपमान केला. मग विचारलं, "अंडी हायत का?"

"मंडपीतली केळी हायत ती," काकी आतून म्हणाली. विषय तिथेच मिटला आणि अंड्याच्या जागी दही आलं.

घरात भट्टी नाही, ओव्हन नाही. पण आमच्याकडे काकडीचं धोंडस करतात, ते टोपातच भाजतात. खाली चुलीचा मंद जाळ, वरच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे. काकांना वाटलं, हे तर सोपंच. टोपात वाळू घातली, वर मिश्रणाचं भांडं ठेवलं, झाकण लावलं, निखारे पसरले. आणि चौथ्या मिनिटाला चिमट्याने झाकण उचलून आत पाहिलं.

आता यातली गंमत मला नंतर कळली. त्यांची भट्टी विटांची. रात्रभर लाकडं जाळून विटा इतक्या तापायच्या की तोंड उघडं राहिलं तरी आतली धग हलायची नाही. लांब दांड्याचं फावडं घेऊन भट्टीवाला सारखा आत डोकावतो, पुढचा पाव मागे सारतो, मागचा पुढे ओढतो. जो डोकावत नाही तो आळशी. चौतीस वर्षं हेच केलेल्या माणसाला झाकण लावून गप्प राहा म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगण्यासारखं होतं. टोपातली धग ती केवढी? झाकण उचललं की उडून जायची. मग पाव फुगेना म्हणून काका जाळ वाढवत, आणि फुगला का ते पाहायला पुन्हा झाकण उचलत.

पहिला पाव खालून कोळसा आणि आत लापशी.

शुक्रवारी दुसरा. या वेळी तो फुगला. काकांनी झाकण उचललं, "बघ, बघ, आला!" म्हणून मला हाक मारली, मी पाहायला वाकले आणि आमच्या डोळ्यांदेखत तो मधोमध खाली बसला. काकांनी तो टोप उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि तिथेच फेऱ्या मारत राहिले. दहा पावलं जायची, दहा यायची. मला वाटलं, एवढा मोठा माणूस आता रडतो की काय.

"हजार पाव काढायचो मी एका पाळीत," ते म्हणाले. "हजार. नि घरात एक होत नाय."

शनिवारी सकाळची शाळा करून मी आले, तर चूल काकीने स्वतः पेटवली होती. उरलेली पाच केळी ताटलीत ठेवली होती.

"ही शेवटची," ती काकांना म्हणाली. "कालवा तुमी. झाकन माजं."

काकांनी कालवलं. तिथे त्यांचा हात खरंच देखणा चालतो. दोन मिनिटांत काम झालं, एक गुठळी नाही. काकीने भांडं टोपात ठेवलं, झाकण लावलं, निखारे कडेकडेने मांडले, मध्ये थोडे. मग पाट सरकवला. "बसा."

"किती वेळ?"

"व्हईस्तोवर."

मी उठून जायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण सोड्याचा हिशेब माझा होता, तेव्हा मी उंबऱ्यावर बसून राहिले.

काका बसले. मांडी घातली, सोडली, पुन्हा घातली. बोटं पाटावर वाजवली. पाच मिनिटांनी अर्धे उठले.

"आत काय चाललंय काय कळत नाय."

"मना पन कळत नाय. तरी व्हतं. बसा."

पुन्हा बसले. मग काकी चुलीतलं लाकूड किंचित बाहेर ओढत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आल्यापासून सारखं उघडून बगताव तुमी. डबे काय, पेटारा काय, हिरीचा रहाट काय. काय शोधताव येवडं?"

काकांचा गुडघा हलायला लागला.

"माझं काय हाय ते बघतो," ते म्हणाले. "या घरात. अंघोळ करून आलो की टॉवेल कुठं टाकायचा ते तुला विचारतो मी. खिळा कुठला माझा ते मला ठाव नाय. तिकडं निदान भट्टीपुढं माझी जागा ठरलेली. डोळं बांधून उभा केलास तर सांगेन, इथं."

"म्हनून जाताव?"

"तू थांब म्हणाली नायस. बुधवारपासून वाट बघतो मी. दोनदा तुझ्यासमोर बॅग भरली, परत उघडली. काय बोलली नायस."

काकीने फुंकणी खाली ठेवली. तिचा आवाज चढत नाही कधी, तेव्हाही चढला नाही.

"चौतीस वर्सं पायरीवर उभी ऱ्हायले मी. तुमी 'येतो' म्हनायचं, मी 'या' म्हनायचं. 'थांबा' कवा म्हनायची व्हती? थांबा म्हनले असते तर पोरीचं शिक्षन कशावर झालं असतं? पयल्या वर्सी आलं व्हतं तोंडाशी. गिळलं. दुसऱ्या वर्सी गिळलं. मंग आपोआप गिळाय लागलं. आता तुमी म्हनताव, बोलली नाय."

चुलीत करवंटी तडकली. काकांनी चेहरा दुसरीकडे वळवला, पण त्या बाजूला मी होते, त्यामुळे मला सगळं दिसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुराच्या नावावर खपवलं.

"मग आता बोल," काका म्हणाले. "आता तर पोरगी पण दिली. आता काय अडलंय?"

एवढी बडबडी बाई, भाजीवाल्याला दाराबाहेर पळवून लावणारी, एका शब्दासाठी अडून बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"ऱ्हावा," ती म्हणाली. आणि लगेच, "पन डबं हलवायचं नाय."

काका हसले की रडले ते सांगता यायचं नाही, दोन्हीचा आवाज एकदम आला. मग ते काहीतरी सांगायला लागले, भट्टी विझवली त्या दिवसाचं. विटा निवायला चार दिवस लागले म्हणे, आणि काम नसूनही काका चारही दिवस तिथेच होते. काकी ऐकत होती. मधूनच "मंग?" म्हणत होती. मी त्या दोघांना एकमेकांशी इतका वेळ बोलताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

करपल्याचा वास पहिल्यांदा मलाच आला.

"काकी, पाव!"

दोघंही एकदम उठली. काकीने झाकण उचललं. वरून पाव असा फुगला होता की बघत राहावं, सोनेरी, मधोमध एक भेग. खालून मात्र बोटभर जळला होता. झाकणाची मालकीण आणि भट्टीचा कारागीर, दोघांच्या पहाऱ्यात. काकांनी सुरीने खालचा काळा भाग कापून टाकला आणि वरचा तुकडा, वाफ निघत असलेला, पहिल्यांदा काकीच्या हातावर ठेवला. तिने फुंकर मारून खाल्ला.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "नानकटाईपेक्षा बरा."

खाऊन झाल्यावर काकांनी फोन काढला. घरात रेंज कमी, म्हणून खळ्यात जाऊन उभे राहिले. नेहमीप्रमाणे स्पीकर चालू. शेठ आधी खूश झाला, त्याला वाटलं गाडी सांगायला फोन केला. काका म्हणाले, येणं व्हायचं नाही. शेठने पगार वाढवतो म्हटलं, राहायची सोय करतो म्हटलं, मग जरा रागानेच विचारलं, अडचण तरी काय आहे?

काकांनी एकदा घराकडे पाहिलं. काकी दारात उभी होती.

"घरातून सोडत नाहीत, शेठ," ते म्हणाले. शेठला ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, तरी काकांनी आवाज चढवून आणखी दोनदा सांगितलं.