पंपकाकांची जीभ

सकाळच्या बोटीतून नवी माणसं उतरली की पंपकाकांचं डोकं उठायचं. धक्क्यावर उभं राहून ते येणाऱ्यांच्या गाद्या, शेगड्या, पोरंबाळं बघायचे आणि मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आलं आणखी एक बिऱ्हाड, पाणी ढोसायला." कोणाकडे बाळ झाल्याचं कळलं तर अभिनंदन राहिलं बाजूला, "अजून एक तोंड वाढलं" म्हणून मोकळे. अशा माणसाला कोण जवळ करणार? निम्मं बेट त्यांना टाळायचं आणि उरलेलं निम्मं तोंडावर शिव्या घालायचं. काकांना दोन्ही चालत होतं.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बेट केवढं, तर सायकलवर चक्कर मारून आलात तरी मागे ठेवलेला चहा कोमट सापडेल. पूर्वी नऊशे माणसं होती, आता तीन हजार. झाडं तोडून घरं उठली, घरं पाडून तीन-तीन मजले चढले, आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर कचरा इतका साठला की भरतीलाही तो पुरता उचलेना. प्यायला सगळ्यांना मिळून एक मोठी विहीर. पावसाचं गोड पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या समुद्राच्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं राहतं. बेतानं उपसलं तर पुरतं. हावरटासारखं उपसलं तर खालचं खारं पाणी वर चढतं. काका त्या विहिरीच्या पंपघरात चौतीस वर्षं नोकरीला होते.

नवे नळ द्यायचे की नाही, ते काकांची जीभ ठरवायची. वर्षातून एकदा ते उपाशीपोटी चूळ भरून पंपघरात यायचे आणि पाणी कमिटीच्या समोर पेलाभर पाणी तोंडात घोळवायचे. 'गोड' म्हणाले की यादीतल्या सगळ्यांना नळ, 'खारट' म्हणाले की कोणालाच नाही. पाणी तपासायचं यंत्र आणू या, असं एकानं एकदा सुचवलं होतं. काकांनी त्याला असा फैलावर घेतला की तो पुन्हा मीटिंगला फिरकला नाही.

दरवर्षी 'खारट' म्हणून सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसावीत, असं काकांना मनापासून वाटायचं. पण पाणी लागायचं गोड, आणि चवीच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग दात-ओठ खात ते 'गोड' म्हणायचे आणि आणखी दहा-बारा घरं उभी राहायची.

या वर्षी यादीत अकरा नावं होती. अकरावं त्यांच्या मुलीचं.

मुलगी पलीकडे शहरात दिलेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तशी चार महिन्यांपूर्वी दोघं बेटावर आली आणि काकांच्या मागच्या खोलीत, पंपाच्या जुन्या सामानाशेजारी राहू लागली. मुलीला सातवा महिना. जावई वेल्डर, त्याला इथे काम मिळालं, घराला जागाही मिळाली. पण नळ मंजूर झाल्याशिवाय बांधकामाला परवानगी नाही. बेटावरच्या लोकांना तर पर्वणीच. दुसऱ्यांच्या पोरांना तोंडं म्हणतो, आता स्वतःचं नातवंड येतंय तर बघू काय म्हणतो! काका मूग गिळून बसले. आयुष्यात पहिल्यांदा पाणी गोड निघावं असं त्यांना वाटत होतं, आणि त्या वाटण्याचाही त्यांना राग येत होता.

सगळ्यात मोठा राग मात्र जावयाचा. आल्या दिवशी चहाचा पहिला घोट घेऊन हा गृहस्थ म्हणाला होता, पाणी खारट आहे. सासऱ्याच्या घरात, सासऱ्याच्या विहिरीला! काका म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवसापासून जावई स्वतःपुरते बोटीवरून पाण्याचे कॅन आणायचा, आणि दोघं एकमेकांशी मुलीमार्फत बोलायचे. "जावईबापूंना सांग, कॅन दारात ठेवू नका म्हणावं." मुलगी मात्र नळाचंच पाणी प्यायची. कॅन उघडायला गेली की काका स्वतः उठून पेला भरून तिच्या हातात द्यायचे. बापाच्या विहिरीचं पाणी पोरीला बाधत नाही, म्हणायचे.

मुलीचे पाय सुजायला लागले. दवाखान्यातल्या नर्सनं मीठ बंद करायला सांगितलं. त्या दुपारी जेवताना काकू चिडून म्हणाल्या की आता आणखी काय बंद करू? आधीच भाजीत चिमूटभर घालते, त्याच्यापुढे घातलं तर खारट होतं. पूर्वी मिठाची पिशवी महिन्यात संपायची, हल्ली तीन महिने जाते.

जावयानं घास खाली ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो थेट काकांशी बोलला.

"बाबा, तुम्हाला सवय झालीय. सगळ्या बेटालाच झालीय. आठ दिवस माझ्या कॅनचं पाणी प्या आणि मग चव घ्या. गोड लागलं तर जन्मभर तुमच्या विहिरीचं पिईन."

मुलगी दोघांच्या मधे पडली. तिला पुढचं सगळं दिसत होतं. एका शब्दावर घर होणार होतं, तो शब्द बाबांना नेहमीसारखा बोलू दे, असं तिनं नवऱ्याला सांगितलं, बापाला सांगितलं. पण दोघंही इरेला पेटलेले. काका म्हणाले, आण तुझे कॅन.

आठ दिवस काकांनी ते पाणी प्यायलं. पांचट, बेचव, उकळलेल्या फडक्यासारखं, असं रोज सांगून प्यायलं. नवव्या दिवशी पंपघरात कमिटी जमली, यादीतली माणसं जमली, मुलगी दाराशी येऊन टेकली. काकांनी पेला तोंडाला लावला आणि पहिलाच घोट थुंकला.

खारट. थोडंथोडकं नाही, जिभेला चरचरणारं. त्यांनी दारात बघितलं. मुलीनं मान हलवली, नाही, नाही म्हणून. तोंडातून 'गोड' काढायला कितीसा वेळ लागतो?

"खारट आहे," काका म्हणाले. "आजचं नाही, किती वर्षांचं ते मलाही सांगता येत नाही. नवे नळ बंद करा आणि पंप दिवसातून दोनच तास चालवा."

एकच गिल्ला झाला. कमिटीचा अध्यक्ष लॉजवाला, त्याचा पुतण्या यादीत. त्यानं पेला भरून घेतला, प्यायला, पुढच्याला दिला. सगळे प्यायले आणि सगळ्यांना गोड लागलं. म्हातारा जावयाचं घर होऊ नये म्हणून आमच्याही घरावर नांगर फिरवतो, असं लॉजवाला ओरडला. काका घसा फोडून सांगत राहिले की तुम्हाला कळत नाही, मलाही कळत नव्हतं. पण चौतीस वर्षं गोड म्हणणाऱ्याचं त्या दिवशी कोण ऐकणार? जावई दाराशी मुलीजवळ जाऊन उभा राहिला. त्याची पैज खरी ठरली होती आणि घर गेलं होतं.

मुलगी ओरडली नाही. घरी आली, कपडे भरले, आणि मग बापासमोर उभी राहिली.

"घर गेल्याचं काही नाही, बाबा. माझे पाय सुजलेले तुम्ही बघत होता, आणि पेला भरून तुम्हीच देत होता."

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं ती दोघं गेली.

कमिटीनं चव घ्यायचं काम लॉजवाल्याच्या मेव्हण्याला दिलं. त्याला पाणी गोड लागलं. दहा नळ बसले, अकरावा न्यायला कोणी नव्हतं.

काकांनी आता स्वतःसाठी कॅन आणायला सुरुवात केली. पण महिन्याभरात समुद्र खवळला, बोट बंद झाली आणि कॅन संपले. पहिल्या दिवशी नळाचं पाणी पिताना काकांना उमासा आला. चौथ्या दिवशी नुसतं तोंड वाकडं झालं. पंधराव्या दिवशी काकूंनी पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि बिचकत विचारलं, "अहो, आता कसं लागतंय?"

काकांनी घोट घेतला. तोंडात घोळवला, डोळे मिटले, पुन्हा घोळवला. बराच वेळ ते गिळेनात.

"पोरीला कळवू नकोस," ते म्हणाले. "गोड लागतंय."