बांगड्यांचा डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझी झाडून सगळी लफडी ठाऊक आहेत, पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. नाशिकला अंबडच्या एका लहान कारखान्यात मी मोबाइलचा अँटेना तपासायच्या कामावर होतो. त्यासाठी एक खोली होती. भिंतींना निळ्या फोमचे सुळके, बाहेरची एक लहर आत येणार नाही अशी. मधोमध सावकाश फिरणारा लाकडी पाट. प्रत्येक फोन दोनदा मोजायचा – एकदा पाटावर नुसता ठेवून, आणि एकदा आपण स्वतः पाटावर उभं राहून, फोन हातात धरून कानाला लावून. फोनमधून निघालेली लहर समोरच्या भिंतीपर्यंत किती पोहोचते, ते यंत्र सांगायचं. धातूने लहर अडते, आकडा उतरतो, म्हणून आत जाताना अंगावर धातू नको, हात-गळा मोकळा हवा, हा साहेबांचा सक्त नियम.

आम्ही दोघं होतो. मी आणि जयश्रीताई. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या, रोज सिन्नरहून एसटीने येणाऱ्या. दोघंही हंगामी, आणि कायम होणार होता एकच. ताई आत जाताना बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेवायच्या. मंगळसूत्र काढतात हे घरी सासूला कळू दिलं नव्हतं. काढलेलं ठेवायला मीच त्यांना माझा चिवड्याचा रिकामा डबा दिला होता. त्या आत असेपर्यंत तो मी सांभाळायचो.

तर – माझी चूक आधी सांगतो. चूक म्हणजे सरळ लबाडी. हातात धरून मोजायचं म्हणजे अर्धा-अर्धा तास हात कानाशी धरून फिरत राहायचं. खांदा भरून यायचा. आधीच्या मॉडेलला वर अँटेनाची शेंडी होती, हातात धरलं तरी आकडा थोडाच उतरायचा. मग नवं मॉडेल आलं तेव्हा मी फोन पाटावर ठेवून मोजले, त्यातून तो जुना थोडा फरक वजा केला आणि हाताचा रकाना खुर्चीत बसून भरून टाकला. एक-दोन नव्हे, अख्ख्या लॉटचा. पण नव्या मॉडेलला शेंडीच नव्हती. अँटेना आत, पाठीमागे – नेमका बोटांखाली येणारा. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. वाटलं, कोण बघतंय.

ताईंनी बघितलं. लॉटमधले दहा फोन त्यांनी नियमाप्रमाणे पुन्हा मोजले, आणि आकडे धाडकन खाली आले. बाहेर येऊन त्या आधी माझ्याकडे आल्या, साहेबांकडे नाही.

"अरे विलास, तुझे नि माझे आकडे जुळत नाहीयेत. माझंच काहीतरी चुकतंय का रे? बघ ना."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नुसता कागद चाळत बसलो. तेवढ्यात साहेब येताना दिसले. साहेबांसमोर मोकळ्या हातांनी कसं जायचं, म्हणून ताईंनी घाईघाईने डबा मागितला. मी दिला. त्यांनी मंगळसूत्र घातलं, बांगड्या चढवल्या. साहेबांनी दोन्ही कागद पाहिले, मग ताईंच्या हातांकडे पाहिलं.

"बांगड्या घालूनच मोजलंत?"

"नाही सर. काढल्या होत्या. विचारा ना विलासला."

साहेब माझ्याकडे वळले. माझ्या तोंडून काही घाईत निसटून गेलं नाही, बरं का. मला विचार करायला वेळ मिळाला होता. मी विचार केला, आणि म्हणालो, "आज राहिल्या होत्या बहुतेक, सर."

त्या 'बहुतेक'ची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं बोलतानाही मी स्वतःपुरती पळवाट ठेवली.

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. रागाने नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या.

महिनाअखेर त्यांना कामावरून कमी केलं. मी कायम झालो. फोन बाजारात गेले. हातात घेतलं की आवाज तुटतो, अशा तक्रारी आल्या, तेव्हा सगळ्यांनी मोबाइल कंपनीच्या टॉवरवर खापर फोडलं. मीही फोडलं.

चार-पाच वर्षांनी त्या मला सिन्नरच्या एसटी स्टँडवर भेटल्या. एका दवाखान्यात नावनोंदणीचं काम करत होत्या. मी तोंड चुकवायला बघत होतो, पण त्यांनीच हाक मारली. मुलांची चौकशी केली. गाडी लागली तशा उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "त्या दिवशीचं अजून डोक्यात येतं रे. मला तर वाटत होतं, काढल्याच होत्या. पण तू कशाला खोटं बोलशील? राहिल्या असतील माझ्या हातात."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जाऊ द्या हो ताई, होतं असं." जणू चूक त्यांची होती आणि मी मोठ्या मनाने पोटात घातली होती. त्या हसल्या, गाडीत चढल्या.

बांगड्या त्यांच्या हातात नव्हत्या. त्या फोन मोजत होत्या तेवढा सगळा वेळ डबा माझ्या मांडीवर होता.